मॅग्नेशिअमची फीत चुंबकाला का चिकटत नाही?

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. विज्ञानाच्या पुस्तकात मॅग्नेट, मॅग्नेशिअम आणि मँगनीज हे शब्द वाचून तिने विचारले, की ही एकाच घराण्यातील नावे असतील, तर मॅग्नेशिअमची फीत चुंबकाला का चिकटत नाही? भूगोलातील मॅग्मा आणि भूकंपाचे मॅग्निट्यूड हे शब्दही ती याच यादीत धरते. कृपया खुलासा करावा.
— एक पालक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपल्या मुलीची शंका रास्त आहे. पहिले तीन शब्द खरोखरच एका घराण्यातील आहेत. मात्र त्या घराण्याचे मूळ चुंबकाच्या गुणात नसून एका ठिकाणाच्या नावात आहे. ग्रीसमधील थेसली प्रांताच्या किनारपट्टीला मॅग्नेशिया म्हणत, आणि आजच्या तुर्कस्तानच्या भूमीवरही याच नावाची दोन प्राचीन नगरे होती, त्यांपैकी एक आज मनिसा या नावाने ओळखले जाते. यांतील नेमक्या कोणत्या मॅग्नेशियाचा मान मोठा, हा वाद जुना आहे. लोखंड ओढणाऱ्या दगडाला ग्रीक लोक ‘मॅग्नेटिस लिथॉस’, म्हणजे ‘मॅग्नेशियाचा दगड’, म्हणू लागले, एवढे आपल्या कामाचे. मॅग्नेस नावाच्या धनगराच्या पादत्राणांचे खिळे दगडाला चिकटले, ही प्राचीन रोमन लेखक प्लिनीने नोंदवलेली कथा मुलांना सांगायला छान आहे, पण ती नावावरून मागाहून रचलेली दिसते.

आपल्याकडे ‘कोल्हापुरी’ म्हटले की चप्पल आठवते, साज आठवतो आणि तांबडा-पांढरा रस्साही आठवतो. म्हणून चपलेला रश्शाची चव असावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. मॅग्नेशियाचे तसेच झाले. युरोपातील किमयागार आणि औषधे बनवणारे लोक निरनिराळ्या खनिजांना ‘मॅग्नेशिया’ म्हणत आणि त्यांत रंगावरून भेद करत. पांढऱ्या भुकटीला ‘मॅग्नेशिया आल्बा’, तर काळ्या खनिजाला ‘मॅग्नेशिया नायग्रा’ असे लॅटिन नाव मिळाले. हे काळे खनिज काच करणाऱ्यांच्या फार उपयोगाचे होते, कारण लोहामुळे काचेला येणारी हिरवट झाक ते घालवत असे, आणि त्यांच्याच बोलण्यात, इटालियन भाषेत, ‘मॅग्नेशिया’चे ‘मँगनीज’ झाले. १७७४ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ गान यांनी या खनिजातून धातू वेगळा केला, तेव्हा तो अपभ्रंश मूलद्रव्याचे नाव होऊन बसला. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते तिच्यात हेच खनिज, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, असते. पांढऱ्या मॅग्नेशियाची भावंडे आम्लपित्तावरच्या दुधाळ औषधात सापडतात.

पांढऱ्या मॅग्नेशियातील धातू १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने मिळवला. मँगनीजशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी त्याला आधी ‘मॅग्निअम’ म्हटले होते. ते नाव टिकले असते, तर आपल्या नववीच्या वर्गातील निम्मी घालमेल टळली असती. रूढ मात्र मॅग्नेशिअम झाले. लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट यांच्या अणूंमधले सूक्ष्म चुंबक एका दिशेने रांग धरतात आणि ओढ जाणवते; मॅग्नेशिअममध्ये अशी रांग धरली जात नाही, त्यामुळे त्याच्यावरील ओढ अतिशय क्षीण, हाताला न जाणवणारी असते. मँगनीजचा तुकडाही घरच्या चुंबकाला चिकटणार नाही.

त्या जुन्या दगडाचे शास्त्रीय नाव आज मॅग्नेटाइट आहे. आपल्या काळ्या कातळात त्याचे बारीक कण असतात, म्हणून पारसिकच्या डोंगराखालच्या कोरड्या मातीतून चुंबक फिरवला तर त्याला काळी दाढी फुटते.

घराण्याची दुसरी शाखा खऱ्या अर्थाने चुंबकाची आहे, आणि ती प्रामुख्याने १९ व्या शतकापासून विस्तारली. फॅरडे यांना १८४५ मध्ये आढळले, की जड काचेची किंवा बिस्मथची कांडी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगली तर ती ध्रुवांना जोडणाऱ्या रेषेत न राहता आडवी होते. त्या ‘आडवे’पणासाठी त्यांनी ग्रीक उपसर्ग ‘डाय’ घेऊन ‘डायमॅग्नेटिक’ शब्द रूढ केला, आणि रेषेला समांतर राहणाऱ्या पदार्थांसाठी पुढे ‘पॅरामॅग्नेटिक’ आला. मराठीत आपण त्यांना प्रतिचुंबकीय आणि समचुंबकीय म्हणतो. या जोडीतला अर्थ मला इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक लवकर उलगडतो. मायक्रोवेव्ह भट्टीतील नलिका म्हणजे मॅग्नेट्रॉन. जुन्या मोपेडची मॅग्नेट प्लेट दुरुस्त करणारा कारागीर ‘मॅग्नेटो’ (चुंबकाच्या साहाय्याने इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज निर्माण करणारा भाग) या शब्दाचेच संक्षिप्त रूप वापरत असतो. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणाला थॉमस गोल्ड यांनी १९५९ मध्ये ‘मॅग्नेटोस्फिअर’ म्हटले, आणि प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेल्या मृत ताऱ्यांना १९९२ मध्ये ‘मॅग्नेटार’ हे नाव मिळाले.

मॅग्निट्यूड आणि मॅग्मा यांना मात्र या घरात जागा नाही. पहिला शब्द लॅटिनमधील ‘मॅग्नस’, म्हणजे मोठा, यापासून आला आहे आणि मॅग्निफाय, मॅग्नम ही त्याची भावंडे आहेत. मॅग्मा ग्रीकच आहे, पण तो ‘मळणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला असल्यामुळे त्याचे नाते चुंबकापेक्षा कणकेच्या गोळ्याशी जवळचे आहे.

चुंबकाच्या शाखेतला आणखी एक शब्द म्हणजे ‘जिओमॅग्नेटिझम’. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, म्हणून मराठीत भूचुंबकत्व. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. ट्राम विजेवर धावू लागल्या त्या १९०७ मध्ये. ती वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलला, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या शेजारीच आहे. तिच्या इंग्रजी नावाच्या पाटीवर हाच शब्द लिहिलेला असून, त्याची फोड आता आपल्या मुलीला कोणाच्या मदतीशिवाय करता येईल.