उत्तर: बोईसर आणि मागच्या पाड्यांचं एकत्र प्रोफाइल करताय ना, मग हे वाचा

"पालघर जिल्हा जनगणनेत सापडतच नाही" हे तुमचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. तुमची पोस्ट मला जी समजली ती अशी. संस्थेला पालघर जिल्ह्यातला बोईसरचा कारखान्यांचा भाग आणि मनोर-विक्रमगडकडचे पाडे धरून एक क्षेत्र प्रोफाइल हवंय, त्यात लोकसंख्या, साक्षरता, कामधंदा, उत्पन्न सगळं, तीन ठिकाणचे आकडे तीन तऱ्हेचे येतायत, आणि वरून सांगितलंय की सही-शिक्क्याचाच आकडा चालेल. मी ह्याच पट्ट्यात बरीच वर्षं एका संस्थेसाठी सर्व्हेचं काम केलंय. आकडेशास्त्र शिकलेली नाही, सरकारी नोकरीतही नाही, त्यामुळे नियमांबद्दल जे लिहितेय ते एकदा स्वतः तपासून घ्या. पण तुमची अडचण मला आतून-बाहेरून माहीत आहे.

जिल्हा सापडत नाही कारण तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला आणि जनगणना २०११ ची. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून २०११ च्या फाईलमध्ये ठाणे उघडा (जिल्हा कोड ५१७) आणि त्यातले वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठ तालुके उचला. लोकसंख्येची बेरीज २९,९०,११६ यायला पाहिजे, नाही आली तर कुठली तरी ओळ सुटलीय. फाईल कशी उतरवायची, एक्सेलमध्ये फिल्टर कसा लावायचा हे तुम्हाला येत असणारच, ते लिहीत नाही.

फक्त फिल्टरबद्दल एक गोष्ट. त्या फाईलमध्ये ग्रामीण-नागरी असा रकाना असतो, आणि 'आपलं काम ग्रामीण आहे' म्हणून ग्रामीण निवडलंत की बोईसरच गायब होतं. बोईसरला ग्रामपंचायत, पण जनगणनेच्या लेखी ते शहर. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य (म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त) काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, ह्या तिन्ही अटी बसल्या की नगरपालिका असो नसो, गावाला 'जनगणना शहर' धरतात. देशात अशी गावं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. उलटही आहे, तलासरी, विक्रमगड, मोखाडा, वाडा इथे नगरपंचायती जनगणनेनंतर आल्या, त्यामुळे जुन्या फाईलमध्ये त्यांना ग्रामीणमध्ये शोधायचं. गावांच्या नावावर तर अजिबात जाऊ नका, बुद्रुक-खुर्द आणि इंग्रजी स्पेलिंगने वेड लागतं, सहा आकडी गावकोडनेच जुळवा.

आता मुख्य गोष्ट, सही-शिक्क्याच्या आकड्याची. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, पण आमचं सगळ्यात जास्त नुकसान ह्या एका कागदाने केलं. आमच्या देणगीदारांनी पण हाच हट्ट धरला होता की २०११ जुनं झालं, 'सध्याची लोकसंख्या' सरकारी कागदावर आणा. मग त्या ऑफिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, अर्ज आवक-जावकला द्या, आवकवाले म्हणणार आधी साहेबांचा शेरा आणा. बोईसरचं नाव काढलं की म्हणायचे ते नागरी आहे, आमच्याकडे नाही, आणि नागरी टेबलावर गेलं की तिथे ग्रामपंचायत आहे, मग आमचं काय काम! इतक्या हजारो माणसांची वस्ती, रोज फॅक्टरीच्या पाळ्या बदलतात, आणि दोन टेबलांमध्ये ती कुणाचीच नाही, ह्याचा मला आजही राग येतो.

शेवटी एक तक्ता मिळाला. गावाचं नाव, २०११ ची लोकसंख्या, पुढे 'अंदाजित लोकसंख्या', खाली गोल शिक्का. मी घरी बसून एक रकाना दुसऱ्याने भागून बघितला तर प्रत्येक गावाला उत्तर एकच, १.३६. बोईसरजवळच्या खोल्याच-खोल्या झालेल्या गावाला १.३६ आणि जव्हारच्या टोकाच्या पाड्यालाही १.३६. हा आकडा आला कुठून? २००१ ते २०११ मध्ये अखंड ठाणे जिल्हा ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला, ती वाढ ३६ टक्के. तेच उचलून सगळ्या गावांना फासलं होतं. पण ती वाढ ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, वसई-विरार ह्या शहरांनी ओढलेली आहे, तिचा मोखाड्याशी काय संबंध? मी हे ऑफिसात दाखवलं तर उत्तर मिळालं की वरून असंच आलंय, तुम्हाला नको असेल तर घेऊ नका. आमच्या संस्थेतही सांगितलं, पण देणगीदारांना शिक्का हवा होता आणि शिक्का त्याच कागदावर होता. बालवाडी कुठे काढायची ते त्या तक्त्यावर ठरलं. केंद्र अशा गावात गेलं जिथली अर्धी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद असतात, आणि स्टेशनच्या बाजूच्या चाळींमधली पोरं तशीच राहिली. दोन शिक्षिका रिकाम्या वर्गात बसून असायच्या, त्यांचा काय दोष होता.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: शिक्का मारलेल्या अंदाजापेक्षा जुना पण मोजलेला आकडा चांगला. २०११ चा आकडा '२०११ चा' म्हणूनच छापा. पुढचं सांगायचं असेल तर जागेवरून गोळा केलेलं वेगळ्या रकान्यात द्या आणि दोन्हीची सरमिसळ करू नका. आणि तरी शिक्क्याचाच कागद घ्यावा लागला तर माहिती अधिकारात आकडा मागू नका, तो 'अंदाजित' रकाना कुठल्या पद्धतीने काढला ह्याच्या टिपणीची प्रत मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. 'आमच्याकडे नाही' म्हणाले तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे अर्ज पाठवणं त्यांचं काम आहे, तुम्ही टेबलं फिरायची नाहीत. हे अर्जातच लिहून टाका, फरक पडतो.

दुसरं, ते कुलूपबंद घरांचं. कातकरी, वारली कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात, भिवंडी, वसई, पनवेल, कुठेही, आणि भट्ट्या पावसाच्या तोंडावर बंद होतात तेव्हा परततात. मध्ये होळीला मात्र शक्य ते सगळे गावी येतात. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी, मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी, आणि होळी त्या वर्षी होती १९ मार्चला. नियम असा की त्या पूर्ण काळात माणूस घरी नसेल तर त्याला घरी मोजायचं नाही, असेल तिथे मोजायचं. म्हणजे जव्हार-मोखाड्याची कितीतरी माणसं कागदावर भट्टी असलेल्या तालुक्यात गेली, तीही तिथल्या गणकाने भट्टीवरच्या झोपडीपर्यंत जायचे कष्ट घेतले असतील तर. पाड्याची लोकसंख्या, शून्य ते सहा वयाची मुलं, मजूर, सगळे रकाने ह्याने हलतात. घरयादी (जनगणनेतली घरांची आणि घरातल्या सोयी-वस्तूंची नोंद) मात्र आदल्या वर्षी २०१० मध्ये झाली होती, त्यामुळे घरांचे आणि माणसांचे आकडे एकमेकांना जुळले नाहीत तर लगेच चूक समजू नका. आता नवी जनगणना १ मार्च २०२७ च्या तारखेवर मोजायची ठरलीय, आणि होळी त्या वर्षीही मार्चच्या उत्तरार्धातच आहे. म्हणजे परत तेच होणार. तुमच्या भागातल्या गणक शिक्षकांशी आत्तापासून बोलून ठेवा, भट्ट्यांच्या जागा त्यांना दाखवा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

जिल्ह्याची सरासरी तर अजिबात लावू नका. २९,९०,११६ मधले १३,४३,४०२ एकट्या वसई तालुक्यातले, आणि त्यातले १२,२२,३९० वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत. मोखाडा तालुका सगळा मिळून ८३,४५३. तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड इथे दहातले साधारण नऊ जण आदिवासी. ह्या सगळ्याची मिळून जी साक्षरता येते ती ना विरारची असते ना मोखाड्याची. तुमच्याच प्रोफाइलमध्ये बोईसर आणि विक्रमगडचे पाडे एका ओळीत मिळवलेत तरी हेच होईल, म्हणून सरळ दोन भाग करा आणि 'एकूण' अशी ओळच ठेवू नका. साहेब विचारतील एकूण का नाही, तेव्हा हेच सांगा.

साक्षरता काढताना भागायचं सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येने. हे सगळ्यांना माहीत असतं पण घाईत एकूण लोकसंख्येने भागलं जातं, आणि जिथे लहान मुलं जास्त त्या पाड्यांवर त्याने उगाच आणखी कमी साक्षरता दिसते.

कामधंद्याचे चार रकाने म्हणजे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. ह्यातला 'इतर' फार फसवा. तारापूर एमआयडीसीतला ठेक्यावरचा हेल्पर, सातपाटीचा मच्छीमार, शाळामास्तर, रिक्षावाला, सगळे एकाच 'इतर' मध्ये. इतर वाढले म्हणून भाग सुधारला असं लिहिलेले रिपोर्ट मी वाचलेत, असं काही नसतं. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालं तर माणूस 'सीमांतिक' मध्ये जातो, तेव्हा मुख्य आणि सीमांतिक वेगळं दाखवा. आणि बायकांच्या कामाचे आकडे बघून मला तर विश्वासच बसत नाही. लावणी, लाकूडफाटा, भाजी विकायला पहाटेची गाडी, एवढं करून विचारलं की घरातला पुरुष सांगतो 'ती घरीच असते' आणि तेच लिहिलं जातं. तुमच्या सर्व्हेत बाईलाच विचारा, आणि 'काम करता का' असं न विचारता गेल्या आठवड्यात काय-काय केलं ते विचारा.

उत्पन्न जनगणनेत विचारतच नाहीत, त्यामुळे शोधत बसू नका. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला योजनेच्या मर्यादेत बसेल असाच निघतो. रेशनकार्डाचा रंगही तसाच, पिवळ्याला वर्षाला १५,००० ची मर्यादा आहे, त्या पैशात आज कुठलं घर चालतं? २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात पाहणीत ग्रामीण घरातल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्याची महिन्याची मिळकत ५,००० च्या आत, ५,००० ते १०,००० आणि त्याच्यावर अशी टप्प्यात विचारली होती, देशभरात चारातली जवळपास तीन घरं ५,००० च्या आत निघाली. आज तो आकडा नुसता तुलनेपुरता. घरयादीतल्या वस्तू वापरायच्या तर संडास, वीज, बँक खातं, गॅस हे सोडून द्या, कारण ते नंतर स्वच्छ भारत, सौभाग्य, जनधन, उज्ज्वला ह्या योजनांनी बदललंय, त्यावरून आज कुणाची ऐपत कळत नाही. मी घराच्या भिंती (कुडाच्या, विटांच्या), खोल्या किती, दुचाकी आहे का, ह्यावर जास्त भरवसा ठेवते.

बोईसरच्या बाजूला तर २०११ चं चित्र फारच मागे पडलंय. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये, मोजणीनंतर. खोल्यांमध्ये यूपी, बिहार, ओडिशाची पोरं दाटीवाटीने राहतात, आणि ती कुठल्याच गावच्या कागदात नीट नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ (घरपट्टीची नोंदवही) बघितलात तर तिथे घरमालक दिसेल, भाडेकरू नाही. मतदारयादीत ते नाहीत, त्यांचं रेशनकार्ड त्यांच्या गावाला. कुटुंबं असतील तर अंगणवाडी सेविकेचं सर्वेक्षण रजिस्टर आणि आशाताईंची वही बघा, माझ्या मते ह्या दोन वह्यांइतकी खरी माहिती तालुक्यात दुसरीकडे नाही. फक्त त्यांना ऑफिसकडून फर्मान काढून बोलावू नका, आधीच त्यांच्यावर रजिस्टरांचा ढीग आहे, तुम्ही जा, त्यांच्या वेळेला, आणि उतरवून घेतलेलं त्यांना परत दाखवा. एकट्या पोरांच्या खोल्यांसाठी चाळमालक किंवा खानावळवाला बरा, किती डबे जातात ते तो बरोबर सांगतो.

पाड्यांसाठी आणखी एक. जनगणना महसुली गावाची असते, पाड्याची नाही. एका गावात सात-आठ पाडे, एक रस्त्याला लागून आणि एक ओहोळापलीकडे, आकडा सगळ्यांचा एक. शिवाय ग्रुप ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन महसुली गावं मिळून एक ग्रामपंचायत, म्हणजे ग्रामपंचायतीचा आकडा आणि गावाचा आकडा जुळणारच नाही. पाडानिहाय हवं असेल तर स्वतः मोजण्याला पर्याय नाही.

ते मोजायला लावणी उरकल्यावर जा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सगळे घरी असतात, चिखल तुडवावा लागेल पण दारं उघडी मिळतील. आणि फॉर्ममध्ये प्रत्येक घराला दोन प्रश्न नक्की घाला, दिवाळीनंतर कुठे असता आणि तेव्हा घरात कोण-कोण उरतं. तुम्ही तिथे काही केंद्र काढलंत तर ते जानेवारीत चालणार की नाही ते ह्या दोन उत्तरांवरून कळेल. तुमची गावं कुठली ते कोडसकट इथे टाकलीत तर कुठली ओळ नागरीत गेलीय आणि कुठली ग्रामीणमध्ये ते मी बघून सांगते.