स्ट्रॅटेजी गेममध्ये इतकी जुनी मैत्री असूनही कॉम्प्युटर अचानक युद्ध का पुकारतो?

तुम्ही विचारलंय की सिव्हिलायझेशन या राज्य उभारायच्या गेममालिकेत कॉम्प्युटर चालवत असलेल्या शेजाऱ्याशी सुरुवातीपासून मैत्री आणि व्यापार होता, तरी तो एकाएकी सैन्य घेऊन सीमेवर आला, तर चुकलं काय? बहुधा तुमचं काहीच नाही. अशा गेममध्ये मैत्रीचा हिशोब वेगळा आणि युद्धाचा वेगळा असतो, आणि पडद्यावर आपल्याला फक्त पहिला दिसतो.

चौथ्या भागात (2005) नेत्याचं तुमच्याबद्दलचं मत बेरीज-वजाबाकीने ठरायचं: धर्म एक असेल तर अधिक, सीमेवरून कुरबुर असेल तर वजा. ही यादी समोर दिसायची, हे मोठंच काम होतं. पण काही नेते तुमच्यावर खूश असतानाही युद्ध आखतात आणि काही नाही. कोण कुठल्या प्रकारचा, हे गेम सांगत नाही.

पाचव्या भागात (2010) दुखणं वाढलं. तिथला कॉम्प्युटर खेळाडूसारखा जिंकायला खेळतो, त्यामुळे तुम्ही विजयाच्या जवळ गेलात की मित्रही बिथरतात. पटावरचा प्रतिस्पर्धी म्हणून ते बरोबर आहे, पण समोर तर राजाचा चेहरा असतो, आणि राजाने कारण द्यावं अशी आपली अपेक्षा असते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे: मित्र स्वतःच म्हणतो, चला, तिसऱ्यावर मिळून हल्ला करू. तुम्ही त्याच्या शब्दाखातर लढता, दोन शहरं घेता, आणि पुढे तोच तुम्हाला युद्धखोर ठरवून जाहीर निषेध करतो. युद्धाची नोंद राहिली, पण ते कोणाच्या सांगण्यावरून झालं याला हिशोबात वजनच नाही. राजकारणात तर सगळा अर्थ त्यातच असतो!

उलट बाजूने खेळाडूही फसवायचे. चैनीची वस्तू रोख सोन्याला विकायची आणि लगेच युद्ध पुकारायचं. करार मोडला तरी सोनं आपलंच. 2013 मध्ये पाचव्या भागाला जोडलेल्या विस्तार-पॅकमध्ये यावर उपाय म्हणून रोख सोन्याच्या देवाणघेवाणीला जाहीर मैत्रीची अट आली.

सहाव्या भागात प्रत्येक नेत्याला ठरावीक आवड दिली. नॉर्वेचा राजा हाराल्ड याला बलाढ्य आरमार आवडतं, म्हणून समुद्रापासून लांब असलेल्या राज्यालाही तो आरमारावरून नावं ठेवतो. स्वभाव आहे, पण परिस्थितीचं भान नाही.

माझ्या मते युरोपा युनिव्हर्सालिस 4 या दुसऱ्या स्ट्रॅटेजी गेमने हे बरंच चांगलं हाताळलं. युतीचा प्रस्ताव का नाकारला, याची कारणं आकड्यांसकट दिसतात. तुम्ही प्रदेश बळकावलात की आसपासच्या देशांत आक्रमक विस्ताराचा रोष साठतो. तो 50 च्या वर गेला की ते तुमच्याविरुद्ध आघाडीत येऊ शकतात. भीती शेजाऱ्याला जास्त आणि दूरच्याला कमी, हे अगदी खरं वाटतं. मात्र आकडा दिसतो म्हणून मुरलेले खेळाडू 49 पर्यंत प्रांत गिळतात आणि मग तो उतरण्याची वाट बघतात.

2022 मध्ये मेटा (फेसबुकची कंपनी) हिच्या सिसेरो या एआय प्रोग्रॅमने डिप्लोमसी या पटावरच्या खेळात माणसांशी लिहून वाटाघाटी केल्या आणि 40 डावांत, एकाहून जास्त डाव खेळलेल्यांमध्ये वरच्या 10 टक्क्यांत जागा मिळवली. पण तिथे सातच सत्ता आणि मोजके नियम. शेकडो देशांच्या गेममध्ये अशा वाटाघाटी बसवणं फारच अवघड.

तोवर सिव्हिलायझेशनमध्ये मैत्रीच्या आकड्यापेक्षा शेजाऱ्याच्या आणि तुमच्या सैन्यबळातल्या फरकावर नजर ठेवा. तुमची बाजू हलकी दिसली की युद्धाचा विचार तिथूनच सुरू होतो.