मानेतील गाठ: क्षयाची औषधे 'देऊन पाहण्या'आधी

आपल्या धाकट्या भावाला एचआयव्ही असून चार महिन्यांपासून त्याची एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) सुरू आहे, मानेतली गाठ दोन महिन्यांत लिंबाएवढी झाली आहे, एफएनएसीत (बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत) काहीच निष्पन्न झाले नाही आणि आता क्षयाची औषधे देऊन पाहावीत असे सुचवले गेले आहे; ती सुरू करावीत का, असे आपण विचारले आहे. पॅथॉलॉजिस्ट म्हणून अशाच गाठी तपासण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. माझ्या मते आधी पूर्ण गाठ काढून तिची बायोप्सी करून घ्यावी.

डॉक्टरांना क्षयाची शंका आली यात चूक नाही. आपल्याकडे अशा रुग्णांत तो फार आढळतो आणि एआरटीमुळे प्रतिकारशक्ती सावरू लागली की दडलेला क्षय पहिल्या काही महिन्यांत उफाळून येतो. निव्वळ एचआयव्हीमुळेही गाठी येतात, पण त्या बहुधा लहान, दोन्ही बाजूंना आणि महिनोन्‌महिने तशाच राहणाऱ्या असतात. अडचण अशी की लिम्फोमाही (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) एआरटीच्या याच सुरुवातीच्या महिन्यांत अधिक उघडकीस येतो, आणि ताप, रात्रीचा घाम व घटते वजन ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात. सीडी-४ (रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) दोनशेच्या वर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मेंदूतला लिम्फोमा सहसा सीडी-४ पन्नासच्या खाली गेल्यावर होतो हे खरे, पण बर्किट आणि हॉजकिन हे लिम्फोमाचे प्रकार बऱ्या सीडी-४ वरही होतात. बर्किटची गाठ तर एक-दोन दिवसांत दुपटीने वाढू शकते. तिथे औषधे 'देऊन पाहण्यात' गेलेले दोन महिने भरून निघत नाहीत.

एफएनएसीत सुईला लागतील तेवढ्या पेशी मिळतात, गाठीची रचना दिसत नाही. हॉजकिनमध्ये खऱ्या रोगट पेशी मोजक्याच असतात आणि सभोवती साध्या पेशींची गर्दी असते, त्यामुळे सुई त्यांना सहज चुकवते. गाठ मधोमध कापली की पुष्कळदा तिथेच अंदाज येतो: क्षयात पिवळट, पनीरसारखा भुगा दिसतो, तर लिम्फोमात पापलेटच्या तुकडीसारखा पांढुरका, ओलसर, एकजिनसी भाग दिसतो. अर्थात डोळ्यांवर निदान करायचे नसते, कारण क्वचित एकाच रुग्णात दोन्ही आजार निघतात.

म्हणून सर्जनना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की गाठीचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) आणि एक भाग साध्या सलाइनमध्ये पाठवावा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि मग क्षयाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) होऊच शकत नाही. एका रुग्णालयातून आमच्याकडे आलेली अख्खी गाठ फॉर्मेलिनमध्ये बुडालेली होती, आत बहुतेक मृत पेशीच होत्या, आणि त्या बिचाऱ्या मुलाला दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागले. बायोप्सीपूर्वी शक्यतो स्टिरॉइड देऊ नयेत, हेही विचारून घ्यावे. त्यांनी लिम्फोमा तात्पुरता आकसतो आणि अहवाल संदिग्ध येतो.

निदान लिम्फोमाचे झालेच, तर एचआयव्ही आहे म्हणून अपुरी केमो देण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत; बहुतेक प्रकारांत बरे करण्याच्याच उद्देशाने पूर्ण उपचार देतात. एआरटी चालूच ठेवायची असते, मात्र कॅन्सरतज्ज्ञ आणि एआरटी केंद्राचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून औषधे जुळवली पाहिजेत. एआरटीतल्या झिडोव्हुडिनने रक्तपेशी आणखी घटतात, तर एआरटीतल्याच रिटोनाव्हिरमुळे शरीरातले व्हिन्क्रिस्टिन हे केमोचे औषध वाढून हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकतो. एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिरचा असा त्रास सहसा नसतो. निदान क्षयाचे झाले, तर मात्र रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे तेच डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. लिम्फोमावरचे रिटुक्सिमॅब हे औषध द्यायचे असल्यास हिपॅटायटिस बीची तपासणी आधी व्हायलाच हवी.

एचआयव्ही आहे म्हणून कोणी शस्त्रक्रिया टाळू लागले, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव करण्यास मनाई आहे, हे शांतपणे सांगावे. अहवाल हाती आल्यावर प्रयोगशाळेकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घ्याव्यात, कारण कॅन्सर रुग्णालयात पहिल्याच भेटीत त्याच मागतात आणि पेशींचा नेमका प्रकार ओळखणाऱ्या पुढच्या मार्कर तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात.