गाडीला घाटात पिकअप पाहिजे म्हणून एफडी मोडावी का?

केजहून एका दादांनी विचारलंय. सेकंडहँड डिझेल एसयूव्ही आहे, मागच्या चाकांवर चालणारी, पाच माणसं आणि सामान भरलं की मांजरसुंब्याच्या घाटात गाडी ओढत नाही. गॅरेजवाला म्हणायलाय की आत्ताचा 43-11 दातांचा क्राउन-पिनियन (इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी गिअरची जोडी) काढून 43-10 चा टाकू, 85 हजार लागतील, आणि सोबत एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एक चाक घसरलं तर दुसऱ्याला जोर देणारी) बसवली तर आणखी 40 हजार. घरात सगळी मिळून 2 लाखाची एफडी आहे, ती मोडू का बायकोच्या सोन्यावर लोन काढू, असा प्रश्न आहे.

दादा, आत्ता यातलं काहीच नका करू. का ते नीट सांगतो, कारण तुमची अडचण खरी आहे, भरलेली गाडी घाटात दम टाकायला लागली की काय होतं ते मला माहितीय, आमच्या घरी वडिलांची काळी-पिवळी जीप होती.

43 भागिले 11 म्हणजे 3.9, आणि 43 भागिले 10 म्हणजे 4.3, यालाच रेशो म्हणतात. म्हणजे त्याच गिअरमध्ये त्याच इंजिनाची ओढ चाकावर 10 टक्के जास्त येणार, गॅरेजवाला खोटं बोलत नाहीये. पण तुम्ही मेसेजच्या शेवटी सहज लिहून गेलात की गाडी घेतल्यावर 235/70 आर16 काढून 265/70 आर16 टायर टाकले, खरी गोष्ट तिथंच आहे बघा. जुन्या टायरची उंची साधारण 735 मिलिमीटर, नव्याची 777. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते पण ओढ तेवढीच कमी होते, तुमची साडेपाच टक्के ओढ टायरनंच खाल्ली, वरून टायर जड आहे ते वेगळंच. आता यावर 4.3 टाकला तर कंपनीतून आली तेव्हापेक्षा गाडी फक्त 4 टक्के पुढं जाणार. 4 टक्क्यासाठी 85 हजार! टायर अजून अर्धे शिल्लक आहेत म्हणता ना, मग ते विकायला काढा, त्यात थोडी भर घालून मूळ मापाचे घ्या, अर्ध्यापेक्षा जास्त काम तिथंच होतंय.

दुसरं म्हणजे मोठ्या टायरनं किलोमीटर कमी पडतात, त्यामुळं तुम्ही 14 चं अॅव्हरेज काढलंय तेही खरं नाही, खरं थोडं जास्त असणार. तरी हिशोबाला 14 च धरू. रेशो वाढवला की त्याच स्पीडला इंजिन 10 टक्के जास्त फिरतं, 100 ला 2300 आरपीएम असेल तर 2530 होणार, हायवेवर अॅव्हरेज 13 वर आलं असं धरा. वर्षाला 18 हजार किलोमीटर, म्हणजे 99 लिटर डिझेल जास्त, 90 रुपये भाव धरला तरी 8,900 रुपये, 5 वर्षांत साडेचव्वेचाळीस हजार. म्हणजे खर्च 85 नाही, 1 लाख 30 हजाराच्या घरात जातो, आणि गाडी विकताना कुणी तुम्हाला त्याचे पैसे वेगळे देत नाही. तेच 85 हजार 7 टक्क्यांनी राहिले तर 5 वर्षांत 1 लाख 19 हजार होतात.

एलएसडीनं तर पिकअप वाढतच नाही. एक चाक जागेवर फिरायला लागलं की ती दुसऱ्या चाकाला जोर देते, पावसाळ्यात काळ्या चिखलातून शेतात रोज गाडी न्यायची असेल तर मी स्वतः घ्या म्हणलो असतो, कोरड्या डांबरी घाटात तिचा काय उपयोग?

आणि क्राउन-पिनियन बसवणं साधं काम नाही ओ. शिम म्हणजे पातळ चकत्या टाकून बॅकलॅश, म्हणजे दोन्हीच्या दातांमधली बारीक फट, जुळवावा लागतो, तो चुकला की हौजिंग घोंघावायला लागतं आणि पुढं दात जातात. वडिलांच्या जीपला एका गॅरेजात असंच झालं, वर्षात दोनदा उघडावं लागलं, आणि जीप बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. वॉरंटी, इन्शुरन्स यांना विचारल्याशिवाय तर हात लावूच नका.

त्याआधी 2-3 हजारात होणारं करून घ्या. एअर फिल्टर बदला, टर्बोचे पाईप कुठं फुटलेत का बघायला लावा, चढावर काळा धूर सोडत असेल तर इंजेक्टर दाखवा. आणि घाट लागायच्या आधीच तिसरा टाका. अशा बऱ्याच गाड्यांत चौथा गिअर 1 ला 1 असतो आणि तिसरा 1.4 च्या आसपास, म्हणजे एका गिअरनं 40 टक्के ओढ वाढते, फुकटात. चौथ्यातच रेटत राहायची सवय आपल्याकडं लई जणांना आहे, अॅव्हरेजच्या नादात.

आता पैशाचं. तुमचं उत्पन्न सोयाबीन आणि छोटं दुकान, एफडी सोडून बाजूला काही नाही. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं काढणीला आलेलं पीक पाण्यात गेलं तेव्हा ज्यांच्याकडं सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत होता त्यांना सावकाराकडं जावं लागलं नाही. ती 2 लाखाची एफडी म्हणजे तुमचा तोच घरखर्च आहे, तिला हात नको. सोनं वहिनींचं आहे, पेरणीला नाहीतर दवाखान्याला गहाण पडलं तर समजू शकतो, क्राउन-पिनियनसाठी नको.

टायर मूळ मापाचे करून एकदा भरलेली गाडी घेऊन बीडला जाऊन या. तरीही ओढत नसेल तर महिन्याला 5 हजाराची आरडी लावा, दीड वर्षात 90 हजारावर जमतात, तेव्हा क्राउन आणि पिनियनचा नवीन जुळीचा सेट, पक्कं बिल आणि सहा महिन्यांची लेखी हमी देणारा मेकॅनिक बघून बिनधास्त टाका, मी अडवणार नाही.