नारळी पौर्णिमेला तिकडं भुतं जेवायला येतात

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षं झाली सिंगापूरला नोकरीला आहे. मागच्या वर्षी त्यानं एक व्हिडिओ पाठवला, बिल्डिंगखाली लोखंडी पिंपात लोक कागदी नोटांच्या गड्ड्या जाळतायत, फूटपाथवर उदबत्त्या, संत्री, भात मांडलाय. शेजारची चिनी बाई त्याला म्हणाली की हे तुमच्या इंडियातनंच आलंय, बुद्धाच्या शिष्याची आई भूत झाली होती म्हणे. खरं का हे? म्हणजे हा त्यांचा पितृपंधरवडाच का? आणि अंधारात त्याचा पाय एका ताटलीला लागला, तेव्हापासून इकडं मला झोप लागेना.
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, झोपेचं शेवटी बघू. शेजारीण अर्धी बरोबर आहे, गोष्टीचं बी आपल्याकडचं पण सण पक्का तिकडचा.

पोरानं बघितला तो भुतांचा सण, चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेचा. त्यांचाही महिना अमावस्येपासूनच मोजतात, त्यामुळं बहुतेक वर्षी ही पौर्णिमा आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपासच पडते, २०२३ ला तर दोन्ही ३० ऑगस्टलाच होत्या. २०२५ ला त्यांच्यात अधिक महिना आला (हो, त्यांच्यातही असतो, जावयाचं वाण तेवढं नसतं) म्हणून ती ६ सप्टेंबरला गेली, अगदी आपल्या पितृपक्षाच्या तोंडावर.

आता गोष्ट. मौद्गल्यायन, पालीत मोग्गल्लान, हा बुद्धाच्या दोन मुख्य शिष्यांपैकी एक. त्याला सिद्धी मिळाल्यावर त्यानं पहिलं काय केलं तर मेलेली आई कुठाय ते शोधलं, तर ती प्रेतयोनीत, हाडं-कातडं राहिलेली, उपाशी. यानं भाताचा वाडगा नेऊन दिला, पण घास तोंडापाशी नेला की त्याचे निखारे व्हायचे. हा रडत बुद्धाकडं आला. बुद्ध म्हणाले, तुझ्या एकट्याच्यानं हे व्हायचं नाही, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला सगळ्या भिक्खूसंघाला जेवण दे, त्या पुण्यानं ती सुटेल, नुसती तीच नाही तर सात पिढ्यांचे आईबाप सुटतील. आपल्या श्राद्धात बाप, आजा, पणजा असं तीन पिढ्यांवर थांबतात, इथं थेट सात.

हाच दिवस का, तर पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावास. आपल्या कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत ना, त्यातल्या त्या छोट्या छोट्या खोल्या असल्याच भिक्खूंच्या राहण्याच्या. तीन महिने संपले की सगळे जमून एकमेकांपुढं चुका कबूल करतात, त्या दिवशी संघाचं पुण्य सगळ्यात जास्त मानतात. पण आपल्याकडं वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होऊन आश्विन पौर्णिमेला संपतो, चीनमध्ये मात्र त्यांच्या चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत धरत. म्हणजे तारीख त्यांची.

आणि माझ्या मते खरी मेख पुढंच आहे. बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा लोकांची मोठी तक्रार होती की हे कसले साधू, डोकी भादरतात, घर सोडतात, लग्न नाही, पोरं नाहीत, मग आईबापाला पाणी कोण देणार? पूर्वजांची सेवा हाच तिथला मोठा धर्म. त्यावर ही गोष्ट म्हणजे बिनतोड उत्तर झालं, बघा, घर सोडलेल्या पोरानंच आईला सोडवलं! ज्या सूत्रात ही गोष्ट येते ते पानभराचंच आहे, भाषांतराचं श्रेय चीनमधल्या तुनह्वांग गावच्या धर्मरक्ष नावाच्या भिक्खूला देतात, तो तिसऱ्या शतकातला, पण मूळ संस्कृत प्रत आजवर सापडलेली नाही, आणि ते चीनमध्येच रचलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. अगदी हवेतनं आलं असंही नाही हं, पालीतल्या पेतवत्थू या बौद्ध ग्रंथात सारिपुत्ताच्या, म्हणजे बुद्धाच्या दुसऱ्या मुख्य शिष्याच्या, मागच्या जन्मातल्या आईची अशीच गोष्ट आहे.

सणाचं बौद्ध नाव यूलानपेन. जुनी फोड अशी की हे 'अवलंबन', म्हणजे उलटं टांगलेल्यांची सुटका. दुसरं मत असं की यातला 'यूलान' म्हणजे आपला 'ओदन', भात, आणि 'पेन' म्हणजे चिनी भाषेत वाडगा. दहीभाताला दध्योदन म्हणणाऱ्या घरात वाढल्यामुळं असेल, मला हे दुसरं जास्त पटतं.

त्याच पौर्णिमेला ताओ या चीनच्या जुन्या पंथाचाही दिवस असतो, जुंगयुआन, त्या दिवशी भूमीचा देव पापं माफ करतो. सहाव्या शतकापर्यंत बौद्ध सण चांगला रुळला होता, पुढं दोन्ही एकमेकांत असे मिसळले की आता सुटे करणं अवघड. नोटा जाळणं मात्र सूत्रात कुठंच नाही, ते चिनी लोकांचं स्वतःचं, वर गेलेल्याला खर्चाला पैसे पाठवायचे. आणि महिनाभर पाताळाचं दार उघडं असतं, मागं कुणी नसलेली उपाशी भुतं फिरतात, फूटपाथवरचं ताट त्यांच्यासाठी. आपल्याकडं तर्पणात ज्यांचं कुणीच नाही त्यांच्या नावानंही ओंजळ सोडतात, माहुलीच्या संगमावर बघितलं असेल तुम्ही. भाव तोच, पण आपलं श्राद्ध वेगळ्या, वैदिक मुळातलं, म्हणून याला पितृपंधरवडा म्हणू नका, चुलत भाऊ म्हणा हवं तर.

पायाचं म्हणाल तर तिकडचे लोक अशा वेळी 'चुकलं' म्हणून पुढं जातात, पोरानंही तेच करावं. आणि त्या महिन्यात मांडवात गाण्याबजावण्याचे कार्यक्रम असतात, तिथं पुढची खुर्च्यांची रांग रिकामी दिसली म्हणून पळत जाऊन बसू नये, ती भुतांसाठी राखीव असते.

प्रश्न : चीनमध्ये एप्रिलात थडगी झाडतात, तो हाच सण का?
— एक वाचक, वाई

उत्तर : नाही, तो छिंगमिंग, ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपास येणारा, चंद्रावर नाही सूर्यावर चालणारा, आपल्या संक्रांतीसारखा. त्याच्यात जुना 'थंड जेवणाचा' सण मिसळलाय, त्या दिवसात थडग्यावर जायला थांग घराण्यातल्या सम्राट श्वानझोंगनं ७३२ मध्ये अधिकृत मान्यता दिली. या थंड जेवणाची कथा अशी की ज्ये झीत्वे नावाच्या माणसानं परागंदा राजपुत्राला उपाशीपोटी स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घातलं, पुढं इ.स.पू. ६३६ मध्ये तो राजपुत्र गादीवर बसला आणि याला विसरला. हा आईला घेऊन डोंगरात गेला, राजाला नंतर आठवण झाली, पण हा खाली येईना म्हणून त्याला बाहेर काढायला जंगलच पेटवलं, तर मायलेक दोघं जळाले. सगळ्यात जुन्या इतिहासात या आगीचा पत्ता नाही, पण त्यावरून त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवसाचं गार जेवायचं असं ठरलं. आपल्या शीतळा सप्तमीलाही शिळंच खातात, पण ते देवीसाठी, आणि तिकडं राजाच्या पश्चात्तापासाठी.