भाकरी सुरू केली, तरी साखर का?

प्रश्न : वय 54, मधुमेह आहे. तीन महिन्यांपासून पोळी सोडून ज्वारीची भाकरी खातोय. तरी जेवणानंतर साखर 210. वर पोट गुबारतं. – एक वाचक, परळी

उत्तर : भाऊ, भाकरी किती खाता ते लिहिलंच नाही! आपल्याकडे ‘घ्या की अजून अर्धी’ म्हणत तीन कधी होतात कळत नाही. ज्वारीतही पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं, आणि पचून त्याची साखरच होते. घरच्या गव्हाची न चाळलेली पोळीही अख्ख्या धान्याचीच, ती काही वैरीण नव्हे. कोंडा चाळून म्हशीला घालत असाल, तर म्हशीची तब्येत सुधारेल. कोंड्यातला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर पोसतात. गॅस हा त्याच कामाचा धूर. काही आठवड्यांत बहुधा कमी होतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर तिनंही पोट फुगू शकतं, डॉक्टरांना विचारा.

तूर्त दीड भाकरी, आधी मेथी-काकडी, सोबत घट्ट वरण. माझी आई सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून खायची. गार झालेल्या भाकरीतलं थोडं पिष्ट पचायला अवघड होतं आणि जिवाणूंच्या वाट्याला जातं. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.