पिशव्या का धुते, त्याचं उत्तर

ईरू,

परवा तुझी मैत्रीण आली होती तेव्हा तिने सिंकमागच्या टाइल्सवर वाळायला चिकटवलेल्या झिपलॉकच्या पिशव्या बघितल्या, आणि ती गेल्यावर तू मला विचारलंस, "आई, तुम्ही लहानपणी गरीब होतात का?" मी नाही एवढंच म्हटलं आणि कुकर लावायला वळले, पण ते मनातून जाईना. म्हणून लिहितेय. सावकाश वाच, अडलं तर बाबाला विचार.

गरीब नव्हतो गं. आजोबा शाळेत मास्तर, पगार वेळेवर, बार्शीचं घर स्वतःचं. पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट एका वापरात संपायचीच नाही. दुधाची पिशवी घे. आजी तिचा कोपरा असा कापायची की तुकडा पिशवीलाच लटकून राहायचा, वेगळा पडायचा नाही, मग आत थोडं पाणी घालून खळबळून ते पाणी चहाच्या आधणात, आणि पिशवी उलटी करून धुवून ओट्यामागच्या टाइलला. दुपारपर्यंत वाळली की ती आपोआप गळून पडायची. अशा पिशव्यांचा गठ्ठा रबर लावून माळ्यावर जायचा कारण रद्दीवाला त्यांना पेपरच्या रद्दीपेक्षा चांगला भाव द्यायचा, आणि ते पैसे आजीचे, आजोबांना हिशोब द्यायचा नाही, थेट तूरडाळीच्या डब्यात.

आणि दूध! रोजची साय साठवायची, विरजण लावायचं, घुसळायचं, ताक निघालं की कढी, लोणी कढवलं की तूप, तूप गाळलं की पातेल्याच्या तळाशी राहिलेली बेरी, तिच्यात साखर घालून मी आणि नंदामावशी अक्षरशः भांडून खायचो, आणि एवढं झाल्यावर त्याच पातेल्यात गरम भात कालवायचा म्हणजे बाजूचं तूपही सुटायचं नाही. शाळा संपली की जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून बाइंडरकडून नवी वही शिवून आणायचो. एकाच वहीत दोन प्रकारच्या रेघा असायच्या. मला तेव्हा नव्याकोऱ्या वहीचा वास हवा असायचा, हेही खरंय.

हे सगळं कुठून आलं ते मला खूप उशिरा कळलं. १९७२ च्या दुष्काळात आजीचं अजून लग्न व्हायचं होतं. तिच्या माहेरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी म्हणजे तयार पौष्टिक खाणं मिळायचं, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीबद्दल आजी फक्त "घशाखाली उतरायची नाही" एवढंच सांगते, पुढे बोलतच नाही. पण अजूनही ओट्यावर तांदळाचे दाणे सांडले की बोटाने एकेक टिपते, तू बघितलंयस की.

आता जे सांगतेय ते जरा अवघड आहे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, सगळं आम्ही आवडीने खायचो, पण त्यातूनही उरलेली वाळकी भाकरी कायम आजीच्याच ताटात असायची. ती तव्यावरची गरम पोळी घेऊन आमच्याबरोबर बसलीय असं मला आठवतच नाही. मी तुला आमच्या घराची काटकसर म्हणून कौतुकाने सांगते खरं, पण घर कुठे काय करत होतं, एक बाई करत होती, आजोबांनी कधी एक पिशवी धुतली नाही. म्हणूनच नंदामावशी पुण्यात शिळं काही ठेवत नाही, रात्री उरलं की वॉचमनला देते नाहीतर टाकते. मला टाकलेलं बघवत नाही, पण तिचं चुकतंय असंही म्हणवत नाही. रविवारी फोन केलास की तिला विचार, ती वेगळंच सांगेल.

तुझ्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी पर्यावरण, प्लॅस्टिक वगैरे म्हटलं असतं आणि ते खोटं नाही, पण मी त्यासाठी धुते असं नाही. चांगली पिशवी कचऱ्यात टाकताना हातच पुढे होत नाही माझा. आणि तूसुद्धा रिकाम्या बाटल्या गोळा करून सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घालतेसच की, एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, पावती किती उत्साहाने आणून दाखवतेस, तिथे कुणी गरीब म्हणतं का? स्टुटगार्टच्या या श्वाबी लोकांना तर अख्खं जर्मनी काटकसरी म्हणून ओळखतं. आपल्या खालच्या आजीबाई गिफ्टचा कागद चिकटपट्टी सोडवून घडी घालून ठेवतात, तो तूच मला दाखवला होतास.

तू पुढे तुझ्या घरात पिशव्या धुवायलाच हव्यात असं अजिबात नाही. आपल्याकडे बाबाही धुतो, तू वाटलं तर धू, नाहीतर राहू दे. फक्त मैत्रिणींसमोर ओशाळल्यासारखं होत असेल तर मला सरळ सांग, मी तळघरात वॉशिंग मशीनच्या वर दोरी बांधून तिथे वाळत घालेन, मला काही फरक पडत नाही.

आई